समुद्रतळाचे गोटे भट्टीत गेल्यावर

१८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाज जगभरचे महासागर धुंडाळत होते, तेव्हा त्याच्या जाळ्यांत बटाट्याएवढे काळे गोटे वर आले. ४,००० ते ६,००० मीटर खोलीवर ते गाळावर नुसते पडलेले असतात. शार्कच्या दातासारख्या एखाद्या कठीण तुकड्याभोवती थर चढत जातात आणि १० लाख वर्षांत गोटा वाढतो जेमतेम काही मिलिमीटर. हवाई बेटे आणि मेक्सिकोच्या मधल्या क्लॅरिअन-क्लिपर्टन पट्ट्यातल्या वाळलेल्या गोट्यात सुमारे ३० टक्के मँगनीज असते. निकेल आणि तांबे प्रत्येकी एक-सव्वा टक्का, कोबाल्ट त्याहून कितीतरी कमी.

हा निकेल बाहेर काढायचा कसा? खाणीतल्या पुष्कळ धातुकांमध्ये हवे ते खनिज वेगळ्या कणांत असते. दळून, फेसावर तरंगवून ते बाजूला काढता येते. गोट्यात निकेलचा असा कणच नसतो. निकेल आणि तांबे मँगनीज ऑक्साइडच्या स्फटिकांतच मुरलेले असतात, त्यामुळे कितीही बारीक दळले तरी सारे एकत्रच राहते. तो स्फटिकच मोडावा लागतो. त्यासाठीची युक्ती मला फार देखणी वाटते.

तांबे, निकेल आणि कोबाल्ट ऑक्सिजन सहज सोडतात. लोखंड जरा आढेवेढे घेते, मँगनीज तर तो घट्ट धरून बसते. म्हणून गोटे वाळवून विद्युत भट्टीत सुमारे १,४०० अंश सेल्सिअसला वितळवताना ऑक्सिजन ओढून घेणारा कार्बन मोजूनमापून घालतात. प्रमाण साधले की पहिले तिघे थोड्या लोखंडासह मिश्रधातू होऊन तळाशी उतरतात आणि मँगनीज वर तरंगणाऱ्या धातुमळीत, म्हणजे वितळलेल्या ऑक्साइडांच्या थरात, राहते. कार्बन कमी पडला तर कोबाल्ट मळीत अडकतो. जास्त झाला तर लोखंड भरमसाट उतरून मिश्रधातूचा कस जातो. फॉस्फरसही बराचसा खालीच जातो, ही मोठी सोय, कारण मळी त्यापासून मोकळी होते. तीच मळी आणखी तापवून, जादा कार्बन घालून पोलाद बनवताना लागणारा सिलिकोमँगनीज हा मिश्रधातू बनवता येतो.

कार्बनच्या जागी हायड्रोजन वापरला, तर ऑक्सिजन पाण्याची वाफ होऊन निघून जातो. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या माक्स प्लांक संस्थेत हायड्रोजन प्लाझ्माच्या, म्हणजे अतितप्त, विद्युतभारित वायूच्या ठिणगीत गोटे वितळवून पाहिले आहेत. वीज स्वच्छ स्रोताची असेल, तर भट्टीचा कार्बन डायऑक्साइड बराच घटेल.

गोटे उचलण्याचा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागतो. स्पंजासारखे कित्येक जीव या गोट्यांनाच धरून वाढतात. याच पट्ट्यात १९७९ मध्ये चाचणीच्या यंत्राने उमटवलेले चर ४४ वर्षांनी पाहिले, तेव्हा ते तसेच स्पष्ट होते.