पी आणि बी: काठिण्याचे दोन रकाने

चाचणीतल्या उत्तरांचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं की पहिल्याच तक्त्यात दोन रकाने शेजारी येऊन बसतात. दोन्हींच्या डोक्यावर ‘काठिण्य’ लिहिलेलं असतं आणि दोन्ही उलट दिशेला धावतात.

पी म्हणजे प्रश्न बरोबर सोडवणाऱ्यांचं प्रमाण. १०० पैकी ८० जणांना जमला तर ०.८०. आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा. नाव काठिण्याचं, मोजमाप सोपेपणाचं! (संख्याशास्त्रीय सार्थकता तपासताना भेटतो तो पी वेगळा.) कोड एका ओळीचा.

बी मात्र प्रतिमानातून, म्हणजे गणिती मॉडेलमधून, काढावा लागतो. डॅनिश गणिती जॉर्ज राश यांनी १९६० साली मांडलेल्या प्रतिमानात, ज्याची क्षमता बरोबर बीइतकी त्याला तो प्रश्न सुटण्याची शक्यता ५० टक्के. क्षमता आणि बी दोन्ही एकाच पट्टीवर, लॉजिट या एककात, मोजतात. इथे आकडा वाढला की प्रश्न अवघड.

बी शून्य असलेला एक प्रश्न घ्या. सगळ्यांची क्षमता +१ असलेल्या गटात त्याचा पी ०.७३ च्या आसपास येईल, −१ वाल्या गटात ०.२७. प्रश्न तोच, बीही तोच. ‘बी गटावर अवलंबून नसतो’ हे वाक्य इथेच पाठ होतं आणि घोळही इथेच होतो. या लॉजिट पट्टीला स्वतःचं शून्य नसतं, ते सॉफ्टवेअर ठरवतं. दोन्ही गट वेगवेगळे चालवून दर वेळी परीक्षार्थींची सरासरी शून्य धरली, तर त्याच प्रश्नाचा बी एकदा −१ आणि एकदा +१ छापून येईल. त्याऐवजी त्याच प्रश्नसंचाची सरासरी शून्य धरली, तर दोन्हीकडे जुळेल. शून्य कुठे धरलंय ते तक्त्याच्या माथ्यावरच छापावं असं माझं ठाम मत आहे. मदतपुस्तिका कोण उघडतं?

चिन्हांचाही गोंधळ आहेच. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतलं एमआयआरटी पॅकेज आपणहून बी देत नाही, डी नावाचा आकडा देतं, आणि डी वाढला की प्रश्न सोपा. ‘आर’मधल्याच ईआरएम पॅकेजचे बीटाही सोपेपणाचेच.

सगळ्यांनी बरोबर सोडवलेला प्रश्न आला की पी १.०० छापून मोकळा होतो. बी उणे अनंताकडे पळत सुटतो आणि सॉफ्टवेअरच्या आकडेमोडीच्या फेऱ्या संपतील तिथला आकडा रकान्यात पडतो. असे प्रश्न आधीच बाजूला काढून त्या चौकटीत नुसती रेघ छापलेली बरी.