मुलाला बुद्धिबळ स्पर्धेत उतरवायचंय? नाशिकच्या पालकांसाठी नोंदणी, वयोगट आणि कागदपत्रांची माहिती

सोसायटीतल्या किंवा गणेशोत्सवातल्या स्पर्धेत खेळायला कुठलाही कागद लागत नाही. नाव सांगायचं, प्रवेश शुल्क भरायचं आणि पटावर बसायचं. कागदांचा प्रश्न येतो तो जिल्हा निवड चाचणी, राज्य अजिंक्यपद किंवा फिडे रेटेड स्पर्धेचं (जिचे डाव फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या रेटिंगसाठी, म्हणजे खेळाडूच्या ताकदीच्या आकड्यासाठी, धरले जातात) परिपत्रक हाती पडतं तेव्हा. त्यात एआयसीएफ (राष्ट्रीय महासंघ) आयडी, फिडे आयडी, जन्मदाखला असं बरंच काही मागितलेलं असतं आणि बहुतेक पालक ते परिपत्रक घेऊन थेट क्लासच्या सरांना गाठतात. सरांनी मदत केली तर उत्तमच. पण शिकवणी वेगळी आणि नोंदणी वेगळी, हे आधीच लक्षात घ्या. अमुक क्लास लावल्याशिवाय नोंदणी होत नाही असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. घरी आजोबांकडून शिकलेलं मूलही तितकंच पात्र असतं.

शाळेकडून की संघटनेकडून?

मुलांसाठी वाटा दोन आहेत आणि त्यांचे कागद वेगवेगळे. पहिली शालेय क्रीडा स्पर्धांची. ती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत चालते. गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. जिल्ह्यात चमकलं की विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय. इथे पालकांना परस्पर अर्ज करता येत नाही, प्रवेशिका शाळेचीच लागते. त्यामुळे जूनमध्ये शाळा सुरू झाली की क्रीडा शिक्षकांना भेटून ‘यंदा बुद्धिबळाची प्रवेशिका भरणार ना?’ एवढं विचारून ठेवा. कबड्डी-खोखोच्या धावपळीत बुद्धिबळ राहून जातं, हे अनेक शाळांत घडतं. जन्मदाखला, आधार, बोनाफाईड आणि शाळेच्या शिक्क्याचं फोटोसह ओळखपत्र, एवढी तयारी असली की या वाटेवर सहसा अडत नाही. दहावी-बारावीच्या सवलतीच्या क्रीडा गुणांसाठी पुढे हीच प्रमाणपत्रं कामाला येतात. ती लॅमिनेट करून भिंतीवर लावण्याआधी स्कॅन करून ठेवा.

दुसरी वाट संघटनेची: जिल्हा बुद्धिबळ संघटना, तिच्यावर महाराष्ट्र चेस असोसिएशन, त्यावर अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ म्हणजे एआयसीएफ, आणि सगळ्यात वर फिडे. ज्याला रेटिंग, राष्ट्रीय वयोगट स्पर्धा किंवा परदेशी स्पर्धा हवी त्याला ही वाट धरावीच लागते. दोन्ही वाटा एकाच वेळी चालता येतात.

एआयसीएफ नोंदणी

ही ऑनलाइन होते, महासंघाच्या संकेतस्थळावर. मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, राज्य, जिल्हा आणि पालकांचा मोबाईल व ईमेल भरायचा, फोटो आणि जन्मदाखला जोडायचा. शुल्क आणि मुदत त्या वर्षी संकेतस्थळावर दिलेली असते, तीच धरा. व्हॉट्सॲपवर फिरणारे जुने आकडे धरू नका. मोबाईल आणि ईमेल मात्र स्वतःचाच द्या, क्लासचा नको. उद्या क्लास बदलला, तर ओटीपी भलत्याच फोनवर जाईल आणि तुम्ही बसाल विनवण्या करत.

फिडे आयडीसाठी पालकांना फिडेकडे वेगळा अर्ज करावा लागत नाही. तो राष्ट्रीय महासंघामार्फतच मिळतो. नव्याने काही भरण्यापूर्वी फिडेच्या रेटिंगच्या संकेतस्थळावर मुलाचं नाव शोधून पाहा. पूर्वी कधी रेटेड स्पर्धा खेळली असेल तर आयडी आधीच तयार असू शकतो. एकाच मुलाचे दोन आयडी झाले की डाव दोन ठिकाणी विभागले जातात आणि ते एकत्र करून घेताना नाकी नऊ येतात.

नाव भरताना घाई करू नका. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम; फिडेच्या यादीत आडनाव आधी. आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीचं नाव फिडेच्या यादीत कितीतरी वर्षं ‘विदित, संतोष गुजराथी’ असं होतं, म्हणजे आडनावाच्या जागी विदित! ग्रँडमास्टरला त्याने फरक पडत नाही. तुमच्या मुलाचं मात्र जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि नोंदणीत तिसरं स्पेलिंग असलं, तर प्रवेशिका अडकते. आधी आधार जन्मदाखल्याप्रमाणे करून घ्या, मग नोंदणी.

जन्मदाखला

वयाचा पुरावा म्हणून आधार चालेल असं गृहीत धरू नका. वयोगट स्पर्धांत जन्मदाखलाच मागतात. जन्म शहरात झाला असेल तर महापालिकेच्या विभागीय कार्यालयात चौकशी करा. पंचवटी, नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, नवीन नाशिक, सातपूर आणि नाशिक रोड असे सहा विभाग आहेत. मूल जिथे जन्मलं ते रुग्णालय ज्या विभागात येतं तिथे नोंद शोधायची, तुमचं घर कुठे आहे त्याला महत्त्व नाही. देवळाली कॅम्पमधला जन्म असेल तर कॅन्टोन्मेंट बोर्ड, गावातला असेल तर ग्रामपंचायत. बाळंतपण माहेरी झालं असेल तर दाखला माहेरच्या गावचा, हे ओघानं आलंच.

दाखल्यावर दोन रकाने नीट वाचा. पहिला बाळाच्या नावाचा. नोंद बारशाआधी झालेली असते, म्हणून तो अनेकदा कोरा असतो. नोंदणीपासून वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. दुसरा रकाना नोंदणीच्या तारखेचा. जन्म आणि नोंदणी यांत वर्षाहून जास्त अंतर असेल तर वयाबद्दल प्रश्न विचारला जाण्याची शक्यता धरून चाला. उशिराच्या नोंदणीचा आदेश आणि शाळेच्या पहिल्या प्रवेशाचा उतारा सोबत ठेवा.

वयोगट: १ जानेवारीचा हिशेब

राष्ट्रीय स्पर्धा ७, ९, ११, १३, १५, १७ आणि १९ वर्षांखालील. स्पर्धेच्या वर्षातून गटाचा आकडा वजा करा; त्या वर्षीच्या १ जानेवारीला किंवा नंतर जन्मलेलं मूल त्या गटात बसतं. २०२६ साली ९ वर्षांखालील गटासाठी जन्म १ जानेवारी २०१७ किंवा त्यानंतरचा हवा. म्हणजे ३ जानेवारी २०१७ चं मूल नऊखाली खेळेल, आणि त्याच्याहून आठवडाभरानेच मोठं, २८ डिसेंबर २०१६ चं मूल थेट अकराखाली. डिसेंबरच्या मुलांवर हा अन्याय वाटतो, पण रेषा कुठेतरी आखावीच लागते. लहान मुलाला वरच्या गटात खेळता येतं, उलटं नाही. गट ‘खुला’ आणि ‘मुली’ असे असतात. मुलींना खुल्या गटातही खेळता येतं.

विषम आकड्यांचं कारण सरळ आहे. जागतिक स्पर्धा ८, १०, १२, १४, १६, १८ अशा सम गटांत होतात आणि त्यासाठीची निवड आदल्या वर्षीच्या राष्ट्रीय स्पर्धेतून. यंदा नऊखाली जिंकलेलं मूल पुढच्या वर्षी दहाखाली बसतं. विदित २००८ मध्ये १४ वर्षांखालील जगज्जेता झाला, तो अशाच एका सम गटात.

राज्य स्पर्धेत जिल्ह्यातून किती जण जाणार, हे त्या वेळचं परिपत्रक सांगतं. निवड झाली नाही तरी राष्ट्रीय स्पर्धेत जास्त शुल्काची ‘डोनर एन्ट्री’ असते. माझं मत विचाराल तर जिल्ह्यात पहिल्या दहांत येत नसलेल्या मुलासाठी तो खर्च करू नये. प्रवास आणि मुक्काम धरून तेवढ्या पैशांत जवळपासच्या तीन-चार रेटेड स्पर्धा होतात. कुटुंब दुसऱ्या राज्यातून नाशिकला आलं असेल तर आधीच्या राज्य संघटनेचं ना हरकत पत्र घेऊन ठेवा.

रेटिंग कधी मिळतं?

फिडे आयडी म्हणजे रेटिंग नव्हे. पहिलं रेटिंग यायला रेटिंग असलेल्या खेळाडूंविरुद्ध किमान पाच डाव व्हावे लागतात. ते २६ महिन्यांच्या आत वेगवेगळ्या स्पर्धांत मिळून झाले तरी चालतात. बिगररेटिंग खेळाडूविरुद्धचा डाव मोजत नाहीत, आणि पहिल्याच स्पर्धेत रेटेड खेळाडूंविरुद्ध एकही गुण नसेल तर ती स्पर्धा धरलीच जात नाही. मार्च २०२४ पासून तळ १४०० चा झाला, पूर्वी तो १००० होता. हिशेब त्याखाली आला की यादीत नाव येत नाही. ‘पाच डाव खेळला तरी रेटिंग नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. यादी दर महिन्याच्या १ तारखेला येते. क्लासिकल, रॅपिड आणि ब्लिट्झ (लांब, जलद आणि अतिजलद वेळेचे डाव) यांची रेटिंगं वेगळी.

क्लासिकल स्पर्धेत चाली लिहाव्या लागतात. नोटेशन येत नसेल तर आधी ते घटवून घ्या. दुसऱ्या नियमबाह्य चालीला डाव जातो, हेही मुलाला घरीच सांगा, आर्बिटरकडून (पंचाकडून) कळायला नको.

प्रशिक्षक निवडताना फिडेची प्रशिक्षक पदवी आहे का ते फिडेच्या संकेतस्थळावर तपासता येतं: सीनियर ट्रेनर, ट्रेनर, इन्स्ट्रक्टर, नॅशनल इन्स्ट्रक्टर, डेव्हलपमेंटल इन्स्ट्रक्टर, अशा उतरत्या क्रमाने. पदवी नसलेले उत्तम शिक्षकही असतात, पण फलकावर लिहिलेली पदवी खरी आहे का हे पाहायला दोन मिनिटं लागतात.

परदेशी स्पर्धेचा विचार असेल तर पासपोर्ट निवडीच्या आधीच काढा. नाशिकला पासपोर्ट सेवा केंद्र आहे. अल्पवयीन अर्जदारासाठी आई-वडिलांच्या सहीचं परिशिष्ट ‘डी’ लागतं, आणि लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच मिळतो.