अकाउंटिंग सॉफ्टवेअरसाठी रिक्वायरमेंट घेणं

धंद्याचे हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर बनवायच्या आधी, आणि खरं तर बनवता बनवताही, क्लायंटला नेमकं काय लागणार आहे ते, म्हणजे त्याच्या रिक्वायरमेंट, विचारून, त्याचं काम बघून आणि जुन्या कागदांतून शोधून लिहून ठेवायचं काम. कीर्द (रोजच्या नोंदी), खतावणी (खातेवार नोंदी), तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाक्यांची यादी), ताळेबंद हा भाग सगळीकडे जवळपास सारखाच असतो, अडचण येते ती त्याच्या कडेकडेच्या गोष्टींत.

सुरुवात कधीची धरायची यावर दोन मतं आहेत. एक मत 1970च्या दशकाकडे बोट दाखवतं. 1976 मध्ये बेल आणि थेयर या अभ्यासकांनी मांडलं की रिक्वायरमेंट आपोआप तयार होत नाहीत, त्या घडवाव्या लागतात आणि पुन्हा पुन्हा तपासाव्या लागतात, आणि पुढच्याच वर्षी रॉस आणि स्कोमन यांनी सिस्टिम का हवी, तिने काय करायचं आणि ती कशी बांधायची असे तीन प्रश्न वेगळे काढले. दुसरं मत बरंच मागे जातं. ब्रिटनमधल्या लायन्स या चहा आणि बेकरीच्या कंपनीत 1951 मध्ये लिओ नावाच्या कॉम्प्युटरवर बेकरीच्या मालाच्या किमतीचा हिशेब चालू झाला, पण ऑफिसचं काम कसं चालतं याचा बारकाईने अभ्यास करणारा विभाग तिथे 1930च्या दशकापासूनच होता, म्हणजे कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी. डेव्हिड कॅमिनर यांना काही जण पहिला सिस्टिम अ‍ॅनालिस्ट, म्हणजे काम कसं चालतं ते समजून घेऊन कॉम्प्युटरसाठी मांडणारा माणूस, म्हणतात ते लायन्समधल्या याच कामामुळे. 'रिक्वायरमेंट इंजिनिअरिंग' हे नाव आणि त्याची शिस्त बघायची तर पहिलं मत बरोबर आहे, पण अकाउंटिंगपुरतं बोलायचं तर दुसरं जास्त पटतं, कारण लिओवरचं काम मुळात हिशेबाचंच होतं.

शब्दावरही वाद आहे. या कामाला 'रिक्वायरमेंट गॅदरिंग' म्हणतात, पण 'गॅदरिंग' म्हणजे गोळा करणं म्हटलं की वाटतं रिक्वायरमेंट अंगणात पडलेल्या आहेत आणि आपण फक्त वेचायच्या. म्हणून अभ्यासक 'एलिसिटेशन' म्हणजे काढून घेणं हा शब्द वापरतात. गोगेन आणि लिंडे यांनी 1993 मध्ये मुलाखत आणि प्रश्नावली यांच्या मर्यादा दाखवल्या, माणूस जे हाताने सहज करतो ते त्याला तोंडाने सांगता येईलच असं नाही. हे अकाउंटंटला तर पुरेपूर लागू पडतं. वीस वर्षं व्हाउचर लिहिणाऱ्याला विचारलं तर तो सांगतो 'पैसे आले की जमा करतो', आणि शेजारी बसून बघितलं की कळतं, ग्राहकाने पाच बिलांपोटी एकच गोळा रक्कम पाठवली तर तो आधी सगळ्यात जुनं बिल फेडून घेतो, पण त्यातल्या एका बिलाची तक्रार चालू असेल तर ते सोडून पुढे जातो, आणि उरलेले पैसे ऑन अकाउंट, म्हणजे कुठल्याच बिलाला न लावता ग्राहकाच्या खात्यावर, ठेवतो. हे तिन्ही नियम कुठेच लिहिलेले नसतात, आणि येणे बाकीचा रिपोर्ट बरोबर यायचा की नाही ते यांवरच ठरतं.

राउंडिंगचंही, म्हणजे रक्कम जवळच्या पैशापर्यंत आणण्याचंही, तसंच. बिलात तीन ओळी आहेत, प्रत्येकी 10.45, कर 10 टक्के. ओळीगणिक काढला तर 1.045 चे 1.05 होतात आणि एकूण कर 3.15 येतो, सगळ्या बेरजेवर एकदम काढला तर 3.135 चे 3.14. फरक 0.01 चाच, पण वर्षभराची बिलं साठली की मेळ बसत नाही आणि तो शोधताना दिवस जातात. म्हणून कर कुठल्या पातळीवर काढायचा आणि अर्धा पैसा आला तर तो वर न्यायचा की खाली हे पहिल्याच बैठकीत विचारलं पाहिजे.

क्लायंटने मागितलेलं आणि त्याला लागणारं यात फरक असतो याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे 'चुकलेली एंट्री डिलीट करता आली पाहिजे'. त्याला चूक दुरुस्त करायची असते, पण हिशेबाच्या रीतीने ती उलट एंट्री टाकून करतात, म्हणजे ऑडिटरला आधी काय होतं आणि मग काय झालं दोन्ही दिसतं. हे समजावून सांगायला वेळ द्यावा, क्लायंटला चुकीचं ठरवू नये, कारण जुन्या वहीत तोही चुकलेल्या आकड्यावर रेघच मारत होता.

लिहून ठेवायच्या नमुन्यासाठी बराच काळ आयईईई या इंजिनिअरांच्या संघटनेचं 830 हे 1984 चं मानक चालत होतं, 2011 मध्ये त्याची जागा 29148 या क्रमांकाच्या मानकाने घेतली आणि 2018 मध्ये त्याचीही सुधारित आवृत्ती आली. 2001 मध्ये काही प्रोग्रॅमरांनी सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत बनवण्याबद्दल काढलेल्या अ‍ॅजाइल जाहीरनाम्यानंतर थोडं थोडं लिहून लगेच दाखवायची पद्धत वाढली, पण मागच्या वर्षातून पुढे आणायचे ओपनिंग बॅलन्स (सुरुवातीच्या बाक्या), बंद केलेल्या महिन्यात एंट्री टाकायची परवानगी कोणाला आणि स्टॉकची किंमत फिफोने (आधी आलेला माल आधी गेला असं धरून) की सरासरीने, हे प्रश्न मागे ढकलले तर नंतर डेटा साठवायची टेबलंच बदलावी लागतात.