आपला रिपोर्ट आपणच वाचायचा

शेजारच्या इमारतीतले काका जन्मांध आहेत. बँकेतून निवृत्त झाले, घरचे सगळे व्यवहार स्वतःच करतात. फोनमधला टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय, ते इतक्या वेगाने ऐकतात की मला त्यातला एखादाच शब्द पकडता येतो. मधुमेहाचं निदान झालं तेव्हा पायांची काळजी कशी घ्यायची हे शोधायला त्यांनी आरोग्याची माहिती देणारं एक संकेतस्थळ उघडलं. फोन म्हणाला, "इमेज. लिंक. अनलेबल्ड, बटण. इमेज." काकांनी दोनदा खालीवर करून पाहिलं, मग फोन माझ्यापुढे धरला. "बघ रे, काय लिहिलंय तिथे?"

तिथे छान रंगीत तक्ता होता. रोज पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, अनवाणी चालू नका, जखम दिसली की डॉक्टरांना दाखवा. पण तो अख्खा तक्ता म्हणजे एक चित्र होतं. मी वाचून दाखवला. मग त्यांनी लॅबमधून आलेला रक्ताचा रिपोर्ट उघडला. तीही स्कॅन केलेली पीडीएफ, म्हणजे पुन्हा चित्रच. "हेही वाच," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला.

मधुमेहाचे आकडे शेजाऱ्याकडून वाचून घेता येतात. एचआयव्हीच्या तपासणीचे, गर्भधारणेचे, नैराश्यावरच्या गोळ्यांचे? डोळस माणूस दार लावून हे सगळं एकटा वाचतो. संकेतस्थळ सुगम, म्हणजे अपंग माणसालाही वापरता येईल असं, नसलं की दृष्टिबाधित माणसाचा तो आडोसाच जातो. सुगम्यतेकडे आपण सोय म्हणून बघतो. मला ती डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातल्या गोपनीयतेइतकीच महत्त्वाची वाटते.

टॉकबॅकसारखा स्क्रीन रीडर पडद्याकडे 'बघत' नाही. ब्राउझर पानाच्या कोडमधून एक झाड, म्हणजे पानावरच्या गोष्टींची फांद्यांसारखी मांडणी, तयार करतो. त्यातल्या प्रत्येक गोष्टीला नाव, प्रकार आणि स्थिती असते: 'पुढे जा, बटण' किंवा 'मला ताप आहे, चेकबॉक्स, खूण केलेली नाही'. स्क्रीन रीडर हे झाड वाचतो. शीर्षक नुसतंच ठळक आणि मोठं केलं, पण कोडमध्ये 'हे शीर्षक आहे' असं सांगितलंच नाही, तर डोळ्यांना ते शीर्षक दिसतं, झाडात मात्र साधा परिच्छेद उरतो. स्क्रीन रीडर वापरणारे बहुतेक जण लांब पानावर एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उड्या मारत हवं ते शोधतात. आपण मथळ्यांवरून नजर फिरवतो, तसंच. शीर्षकंच नसतील तर 'धोक्याची लक्षणं' येईपर्यंत सगळं पान पहिल्यापासून ऐकत बसायचं.

चित्राचंही तसंच. त्याच्यामागे पर्यायी मजकूर लिहायची सोय असते. जुलाबावरच्या मीठ-साखर-पाण्याचं चित्र घ्या. मागे 'ओआरएसचे चित्र' एवढंच लिहिलं तर आईच्या हाती काहीच लागत नाही. '१ लिटर स्वच्छ पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चहाचा चमचा मीठ' असं लिहिलं की ते चित्र ऐकणाऱ्यालाही कळतं. आणि चित्र निव्वळ शोभेचं असेल तर पर्यायी मजकूर मुद्दाम रिकामा ठेवायचा, म्हणजे स्क्रीन रीडर ते ओलांडून पुढे जातो.

मराठीचं एक वेगळंच दुखणं आहे. युनिकोड ही प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत रुळण्याआधीच्या कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. डोळ्यांना 'ताप' दिसतो, पण फाइलमध्ये आर, के, आय ही अक्षरं असतात. स्क्रीन रीडर तेच वाचतो. जुन्या कितीतरी आरोग्यपत्रकांच्या पीडीएफ अशा आहेत. मजकूर समोर आहे, आणि ऐकू येतो तो अर्थहीन अक्षरांचा सडा. युनिकोडमध्ये 'त'ला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तिथे हा घोळ होत नाही. त्यानंतरही पानाची भाषा मराठी आहे अशी खूण कोडमध्ये लागते. ती नसली की कधी इंग्रजी आवाज देवनागरी गिळून टाकतो, कधी हिंदी आवाज 'चमचा'तला 'च' भलताच उच्चारतो. एका ओळीचं काम आहे, आणि तेच राहून जातं.

आता आकड्यांचा तक्ता. उपाशीपोटी रक्तातली साखर १०० ते १२५ असेल तर मधुमेहपूर्व अवस्था, १२६ किंवा त्याहून जास्त आली आणि पुन्हा तपासल्यावरही तशीच राहिली तर मधुमेह. तक्त्याच्या रकान्यांना कोडमध्ये मथळे दिलेले असतील तर ऐकू येतं, 'उपाशीपोटी, मधुमेह, १२६ किंवा जास्त'. नसतील तर नुसते सुटे आकडे कानावर पडतात आणि कुठला कशाचा ते लक्षात ठेवता ठेवता माणूस थकतो.

हे किती महागात पडू शकतं ते २०२१ मध्ये दिसलं. कोविडच्या लसीसाठी १८ ते ४४ वयाच्या लोकांना कोविन पोर्टलवर नोंदणी सक्तीची होती. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात दृष्टिबाधितांच्या अडचणी एकेक करून नोंदवल्या. कॅप्चा, म्हणजे आपण यंत्र नाही हे दाखवायला ओळखायची वेडीवाकडी अक्षरं, ऐकण्याची सोय नाही. वय, लस, फुकट की विकत हे निवडायचे फिल्टर सुगम नाहीत. जागा किती शिल्लक आहेत ते कळतं, पण त्यांचा पुढचा तपशील कळत नाही, कारण तक्त्याचे मथळे आणि चिन्हं एकमेकांशी जोडलेली नाहीत. नुसत्या कीबोर्डवर काम होत नाही. वेळ संपली की पोर्टल बाहेर काढतं. साथ ऐन भरात असताना लस मिळणं न मिळणं असल्या कोडच्या ओळींवर टांगलेलं होतं. पुढे ३० एप्रिल २०२५ च्या निकालात याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

आरोग्याच्या संकेतस्थळाचं एक वैशिष्ट्य आहे: तिथे येणारा माणूस आजारी असतो. मधुमेहाने दृष्टिपटल बिघडतं, बोटं बधिर होतात. कंपवाताने हात थरथरतो. म्हणजे आजारावरचं पान ज्याला सर्वांत जास्त हवं, त्यालाच ते वाचणं सर्वांत अवघड. वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ : १ असावं असं म्हटलंय. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ : १. हा ४.५ कुठून आला? साधारण ऐंशीच्या घरातल्या माणसाची नजर जेवढी मंदावते, तेवढी भरपाई धरून तो काढलाय. पांढऱ्यावरची फिकट करडी अक्षरं डिझायनरला सुबक वाटतात, पण आजीला तिथे कोरी पाटी दिसते. देवनागरीत आणखी एक अडचण येते. फोनवर अक्षर मोठं केलं आणि चौकटीची उंची ठरलेली असली तर वर वेलांटी आणि रफार कापले जातात, खाली उकार. औषधाचं नाव अर्धं दिसणं चांगलं नाही.

बहिऱ्या लोकांसाठी व्हिडिओखाली बोललेलं लिहून दाखवणाऱ्या ओळी हव्यातच. पण जन्मापासून बहिऱ्या असलेल्या अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते. तिचं व्याकरण वेगळं आहे, मराठी त्यांना नंतर शिकावी लागते. इन्सुलिन कसं टोचायचं हे सांकेतिक भाषेतच दाखवलेलं बरं.

पानाच्या कोपऱ्यात 'अ+' आणि 'अ−' अशी बटणं लावून काम झालं असं समजणाऱ्यांशी माझं भांडण आहे. ज्याला मोठं अक्षर हवं, त्याने फोनमध्ये ते आधीच मोठं करून ठेवलेलं असतं. पानाने फक्त ते मानायचं असतं. तपासणीची स्वयंचलित साधनं चांगली आहेत, पण चित्रामागचा पर्यायी मजकूर आहे की नाही एवढंच ती बहुतेकदा सांगतात, तो कामाचा आहे का ते नाही. 'आयएमजी शून्य चार' असं नुसतं फाइलचं नावही त्यांतल्या अनेकांच्या लेखी मजकूरच. माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅब कळीने अपॉइंटमेंट घेता येते का ते पाहावं. संगणकावरचा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, तो लावून डोळे मिटून बसावं. आणि पान खुलं करण्याआधीच काकांसारख्या चार जणांना मानधन देऊन बोलवावं.

त्या दिवसानंतर मी लॅबला फोन केला. रिपोर्ट संगणकावर तयार होतो, मग तो छापून, सही करून, स्कॅन करून पाठवतात, असं कळलं. मूळ फाइलच पाठवाल का, असं विचारलं. तीन महिन्यांनी काकांची पुढची तपासणी झाली तेव्हा ती आली. काकांनी कानात इअरफोन घातले, फोन उघडला आणि खिडकीकडे तोंड करून ऐकत बसले. साखर किती आली ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.