चीनचे सैन्य : आकार आणि आधुनिकीकरण

चीनच्या सैन्याचे अधिकृत नाव जनमुक्ती सेना. 1 ऑगस्ट 1927 च्या नानचांग उठावातून ती उभी राहिली. तिच्या लाल ध्वजावर ताऱ्याशेजारी 'आठ' आणि 'एक' ही दोन चिनी अक्षरे असतात, ती याच तारखेची खूण. ही सेना देशाची नव्हे, कम्युनिस्ट पक्षाची. तिची सूत्रे केंद्रीय लष्करी आयोगाकडे असतात आणि 2012 पासून शी जिनपिंग या आयोगाचे अध्यक्ष आहेत.

सुमारे 20 लाखांचे हे खडे सैन्य जगात सर्वांत मोठे आहे. पण नुसती डोकी मोजून त्याचे बळ कळत नाही, कारण बळ वाढत गेले ते डोकी कमी होत असतानाच. 1985 मध्ये चीनचे तेव्हाचे सर्वोच्च नेते डंग श्याओफिंग यांनी 10 लाखांची कपात जाहीर केली. 1997 मध्ये 5 लाख, 2003 मध्ये 2 लाख आणि 2015 मध्ये आणखी 3 लाख कमी करण्याचे ठरले. कात्री मुख्यतः भूदलाला लागली. 1991 च्या आखाती युद्धात अमेरिकी क्षेपणास्त्रांपुढे इराकच्या मोठ्या फौजेची उडालेली दाणादाण बीजिंगने बारकाईने पाहिली होती.

नौदलाची गोष्ट जास्त रंजक. 'वर्याग' हा सोव्हिएत विमानवाहू जहाजाचा अर्धवट सांगाडा 1998 मध्ये युक्रेनकडून विकत घेतला गेला, तोही मकावमध्ये तरंगता कॅसिनो काढायचा आहे असे सांगून! टगबोटींनी ओढत आणलेल्या या धुडाला तुर्कस्तान वर्षभराहून अधिक काळ बॉस्फरस सामुद्रधुनीतून जाऊ देईना. 2002 मध्ये ते दालियनला पोचले आणि 2012 मध्ये 'लिआओनिंग' नावाने नौदलात दाखल झाले. त्याची विमाने सपाट नव्हे, पुढे वर उचललेल्या डेकवरून झेपावतात. 2025 मध्ये दाखल झालेल्या स्वदेशी 'फुजियान'चा डेक मात्र सपाट आहे. विमानांना विद्युतचुंबकीय शक्तीने हवेत फेकण्याचे त्यावरचे तंत्र आधी फक्त अमेरिकेकडे होते.

2016 मध्ये सात लष्करी प्रदेश मोडून पाच संयुक्त विभाग करण्यात आले. भारताच्या सीमेसमोरचा पश्चिम विभाग चंगडूहून चालतो. क्षेपणास्त्रे सांभाळणाऱ्या दलाला 'रॉकेट दल' म्हणून स्वतंत्र दर्जा मिळाला.

एवढे असूनही 1979 च्या व्हिएतनाम स्वारीनंतर ही सेना मोठे युद्ध लढलेली नाही. भ्रष्टाचाराची कीड वेगळीच. 2024 मध्ये ली शांगफू आणि वेई फेंगह या दोन माजी संरक्षणमंत्र्यांना लाचखोरीच्या आरोपावरून पक्षातून काढले. त्यांतले वेई हे रॉकेट दलाचे पहिले सेनापती.