दोघांत एक जुनी कॅब्रिओले: हवेवर थंड होणाऱ्या उघड्या पोर्शेची पार्श्वभूमी

माझे पती आणि मी मिळून एक जुनी पोर्शे ९११ कॅब्रिओले, म्हणजे कापडी टप उघडता येणारी गाडी, घ्यायची असे ठरवल्यापासून स्टुटगार्टच्या आसपास आम्ही ज्या ज्या गाड्या पाहिल्या, त्या प्रत्येकीच्या बाबतीत पहिला प्रश्न रंगाचा किंवा किमतीचा न राहता सालाचा ठरत गेला. लांबून एकसारखी दिसणारी, मागच्या चाकांच्याही मागे सहा सिलिंडरांचे इंजिन असलेली ही गाडी १९८३ ची आहे, १९८७ ची आहे की १९९१ ची, यावर तिचा क्लच किती जड असेल, गिअर कसे पडतील आणि कापडी टप हाताने उघडावा लागेल की बटणाने, हे सारे अवलंबून असते. आम्हा दोघांपैकी एकानेच चालवावी आणि दुसऱ्याने नेहमी शेजारी बसावे, अशी गाडी आम्हाला नको आहे. म्हणून हा इतिहास माझ्यासाठी केवळ हौसेचा विषय नाही. कोणत्या सालची गाडी खऱ्या अर्थाने दोघांची होऊ शकते, याचे उत्तर त्यातच आहे.

हवेवर थंड होणारे इंजिन ही कल्पना मराठी वाचकाला परकी नाही. ज्यांच्या घरी बजाज चेतक होती, त्यांनी त्या स्कूटरच्या इंजिनावरचा पत्र्याचा झाकणवजा भाग आणि त्याआड फिरणारा पंखा पाहिलेला असतो. जुन्या ९११ मध्ये तत्त्व तेच आहे, आवाका मात्र मोठा आहे. पट्ट्यावर फिरणारा पंखा सिलिंडरांवरच्या पातळ पात्यांवर हवा फेकतो आणि उष्णतेचा बराच मोठा वाटा ऑइल वाहून नेते. त्यामुळे या गाडीत पाण्याचा रेडिएटर, पाण्याचा पंप, नळ्या यांपैकी काहीच नसते, पण ऑइल मात्र दहा लिटरांहून अधिक लागते, आणि ते एका वेगळ्या टाकीत साठवलेले असते. ऑइलची पातळी पाहायची तर इंजिन पूर्ण तापलेले, सुरू असलेले आणि गाडी सपाट जागी उभी असलेली हवी. बंद गाडीची पट्टी ओढून ‘ऑइल कमी आहे’ असे ठरवणारा आणि वर भरमसाट ऑइल ओतणारा नवा मालक ही या गाड्यांची नेहमीची तक्रार आहे. आम्ही पाहिलेल्या पहिल्याच गाडीच्या विक्रेत्याने आधी वीस मिनिटे फेरी मारून आणली, गाडी अंगणात सुरू ठेवली आणि मगच मला पट्टी काढून पाहायला सांगितले. त्या एका कृतीने त्याने गाडी कशी सांभाळली असेल याचा मला अंदाज आला.

या घराण्याची सुरुवातच उघड्या गाडीने झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोर्शे यांचा तांत्रिक कारभार ऑस्ट्रियातील केर्न्टन प्रांतातल्या ग्म्युंड गावी, एका लाकूड कापण्याच्या जुन्या गिरणीत हलवला गेला होता. तिथे फर्डिनांड पोर्शे यांचे चिरंजीव फेरी पोर्शे यांच्या देखरेखीखाली ३५६ क्रमांकाची पहिली गाडी तयार झाली आणि ८ जून १९४८ रोजी तिला रस्त्यावर चालवण्याची परवानगी मिळाली. ती दोन आसनांची, उघडी रोडस्टर होती. तिचे वजन ५८५ किलो होते आणि फोक्सवागनच्या बीटलवरून घेतलेले ११३१ घनसेंटिमीटरचे, हवेवर थंड होणारे इंजिन ३५ अश्वशक्ती देत असे. हवेच्या थंडाव्याची निवड फर्डिनांड पोर्शे यांनी बीटलसाठी केली तेव्हा त्यामागे अगदी व्यवहारी कारणे होती. युरोपच्या हिवाळ्यात उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीतले पाणी गोठून इंजिन तडकण्याची भीती असे. पाणीच नसेल तर ती भीतीही नाही, आणि वजन व सुटे भाग दोन्ही कमी. गरिबांच्या गाडीसाठी केलेली ही काटकसर पुढे पन्नास वर्षे एका महागड्या स्पोर्ट्स कारची ओळख होऊन राहिली, हे मला या इतिहासातले सर्वात विलक्षण वळण वाटते.

पन्नासच्या दशकात उत्पादन स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात आले आणि पक्क्या छताच्या ३५६ कूपेबरोबर कॅब्रिओलेही विकली जाऊ लागली. अमेरिकेतले आयातदार मॅक्स हॉफमन यांच्या आग्रहाने १९५४ मध्ये स्पीडस्टर आली: बुटकी काच, पातळसा टप, दारांना खिडक्यांऐवजी लावण्या-काढण्याचे पडदे आणि तीन हजार डॉलरच्या आतली किंमत. कॅलिफोर्नियाच्या उन्हासाठी ती उत्तम होती. आमच्या इथल्या नोव्हेंबरसाठी मुळीच नाही. ३५६ चे उत्पादन १९६५ मध्ये थांबले आणि तिच्याबरोबर पोर्शेची खरी कॅब्रिओलेही सतरा वर्षांसाठी नाहीशी झाली.

३५६ ची जागा घेणारी गाडी सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ९०१ या नावाने दाखवली गेली होती. मधे शून्य असलेले तीन आकडी नाव वापरण्याचा हक्क आपला असल्याचे पेजो या फ्रेंच मोटार कंपनीने सांगितल्यावर तिचे ९११ झाले. फेरी यांचे चिरंजीव फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांनी रेखलेल्या या गाडीत दोन लिटरचे, सहा सिलिंडरांचे, १३० अश्वशक्तीचे इंजिन होते आणि मागे दोन छोट्या जागा होत्या. उघड्या आवृत्तीची गरज कंपनीला माहीत होती, परंतु त्या काळात अमेरिकेत मोटारींच्या सुरक्षेची चर्चा जोर धरू लागली होती आणि गाडी उलटली तर डोक्यावर कसलाही आधार नसलेल्या गाड्यांवर बंदीच येईल की काय, अशी शंका सगळ्या युरोपीय कारखानदारांना वाटत होती. पोर्शेने त्यावर काढलेला तोडगा म्हणजे १९६५ मध्ये दाखवलेली टार्गा: आसनांच्या मागे एक रुंद, पोलादी कमान कायमची, तिच्यापुढचा छताचा तुकडा काढून ठेवता येणारा, आणि मागची खिडकी सुरुवातीला प्लास्टिकची, चेनने उघडणारी. नाव सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीवरून घेतले. इटालियनमध्ये टार्गा म्हणजे पाटी किंवा फलक. बंदी शेवटपर्यंत आली नाही, पण त्या धास्तीने उघड्या गाड्यांचा बाजार मात्र आटला. १९७६ मध्ये कॅडिलॅकची एल्डोराडो ही अमेरिकेतली शेवटची उघडी गाडी म्हणून विकली गेली, आणि जर्मनीत बीटल कॅब्रिओलेचे उत्पादन १९८० मध्ये संपले.

त्याच सुमारास ९११ चेही दिवस भरत आले होते. १९७७ मध्ये आलेली ९२८, म्हणजे पुढे आठ सिलिंडरांचे आणि पाण्याने थंड होणारे इंजिन असलेली गाडी, हीच तिची वारसदार असे कंपनीत ठरून गेले होते. जानेवारी १९८१ मध्ये पीटर शुट्झ यांनी कंपनीची सूत्रे हाती घेतली. बर्लिनमध्ये जन्मलेले आणि लहानपणी नाझी राजवटीमुळे कुटुंबासह देश सोडून अमेरिकेत वाढलेले शुट्झ हे बाहेरून आलेले गृहस्थ होते, आणि कदाचित म्हणूनच ९११ बंद होण्याच्या विचाराने कारखान्यात पसरलेली उदासी त्यांना लगेच जाणवली. पुढची हकीकत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. संशोधन विभागाचे प्रमुख हेल्मुट बॉट यांच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता. त्यात इतर मॉडेलांच्या रेषा पुढच्या वर्षांत जात होत्या आणि ९११ ची रेषा १९८१ अखेर थांबत होती. शुट्झ यांनी मार्कर उचलला, ती रेषा तक्त्याच्या कडेपर्यंत, तिथून भिंतीवर आणि भिंतीवरून दाराबाहेर ओढत नेली. आज मी ज्या गाड्या पाहत हिंडते आहे, त्या सगळ्या तक्त्याबाहेर गेलेल्या त्या रेषेवरच्या आहेत.

रेषा पुढे गेली त्याबरोबर कॅब्रिओले परत आली. १९८१ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात चारही चाकांना जोर देणारी एक उघडी प्रायोगिक गाडी ठेवली गेली, मार्च १९८२ मध्ये जिनिव्हात विक्रीयोग्य गाडी दाखवली गेली, आणि १९८३ च्या मॉडेलपासून ९११ एससी कॅब्रिओले ग्राहकांच्या हाती पडली. तिच्यात तीन लिटरचे, २०४ अश्वशक्तीचे इंजिन होते. टप नुसता कापडाचा नव्हता. कापडाखाली बऱ्याच भागात धातूचे ताठ तुकडे बसवलेले असल्याने महामार्गाच्या वेगातही तो फुग्यासारखा फुगत नसे. तो उघडण्याची रीत मात्र सावकाशीची आहे. पुढच्या काचेच्या वरच्या कडेवरच्या दोन कड्या सोडायच्या, टप दोन्ही हातांनी उचलून मागे घडी घालत न्यायचा, प्लास्टिकच्या खिडकीला चुणी पडत नाही ना हे पाहायचे आणि मग घडीवर आच्छादन घालून त्याची बटणे एकेक करून लावायची. आम्ही हे दोघांनी दोन बाजूंनी केले तेव्हा मिनिटभरात झाले. मी एकटीने केले तेव्हा पाच मिनिटे लागली आणि शेवटचे बटण लागलेच नाही. पुढे विजेवर चालणारा टप मिळू लागला, आणि एकटीने गाडी घेऊन जाणाऱ्या माणसासाठी तो फरक फार मोठा आहे.

१९८४ च्या मॉडेलला इंजिन ३.२ लिटरचे झाले, शक्ती युरोपीय आवृत्तीत २३१ अश्वशक्ती झाली आणि नाव कॅरेरा झाले. याच इंजिनात साखळी ताणून धरणारे भाग ऑइलच्या दाबावर चालू लागले आणि जुन्या इंजिनांचे एक मोठे दुखणे संपले. आमच्या दृष्टीने खरी सीमारेषा मात्र १९८७ च्या मॉडेलची आहे. त्याआधीचा ९१५ गिअरबॉक्स थंड असताना दुसऱ्या गिअरला नाखूश असतो, घाई केली की कुरकुरतो, आणि त्याला हात बसायला वेळ लागतो. १९८७ पासून आलेल्या जी-५० गिअरबॉक्सबरोबर क्लच हायड्रॉलिक झाला आणि पायावरचा भार हलका झाला. ओळखण्याची खूण सोपी आहे: गिअरच्या मुठीवरच्या आकृतीत रिव्हर्स उजवीकडे खाली असेल तर ९१५, डावीकडे वर असेल तर जी-५०. माझ्या पतींना ९१५ मध्ये एक प्रकारचा संवाद जाणवतो. मला गावातल्या सिग्नलांवर तासभर चालवल्यानंतर डावा गुडघा जाणवतो. ज्यांना अशी गाडी दोघांत घ्यायची आहे, त्यांनी कागदपत्रांआधी दोघांनीही वेगवेगळी, गर्दीतली फेरी घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन. पेडल जमिनीतून वर आलेली असतात, आणि ज्याचा पाय लहान त्याला टाच कुठे टेकवायची हे नव्याने शिकावे लागते.

१९८९ पासून आलेल्या ९६४ पिढीत इंजिन ३.६ लिटर आणि २५० अश्वशक्तीवर गेले, पॉवर स्टिअरिंग आणि एबीएस आले, आणि थोड्याच काळात टिपट्रॉनिक नावाचा स्वयंचलित गिअरबॉक्सही मिळू लागला. जुन्या गाडीच्या शौकिनांत टिपट्रॉनिकला मान नाही, आणि म्हणून ती गाडी तुलनेने स्वस्त मिळते. पण घरातल्या एकाला क्लच नको असेल तर ती निवड पूर्णपणे योग्य आहे, तिच्याबद्दल संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही. त्यानंतरची ९९३ ही या घराण्यातली शेवटची. आवाजाचे आणि धुराचे नियम कडक होत गेले, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह हवे झाले, आणि तशा सिलिंडरांच्या माथ्यांची उष्णता हवेने काढणे अवघड होऊन बसले. शेवटची हवेवर थंड होणारी ९११ मार्च १९९८ अखेर कारखान्यातून बाहेर पडली. तोवर १९६३ पासून अशा सुमारे ४ लाख १० हजार गाड्या बनल्या होत्या.

या गाड्या बनणे थांबले, म्हणून त्यांचे मोल वाढले. पाण्याने थंड होणाऱ्या ९११ आल्यानंतरची काही वर्षे जुन्या ९११ बेताच्या किमतीला जात. गेल्या दीड दशकात ते चित्र पालटले आहे, आणि त्याबरोबर रंग चढवून उभ्या केलेल्या खराब गाड्याही बाजारात आल्या आहेत. १९७६ च्या मॉडेलपासून सांगाड्याच्या पत्र्यावर जस्ताचा थर आला, आणि आपल्या विचारातल्या सगळ्या कॅब्रिओले त्या काळानंतरच्या आहेत, तरी दाराखालचे पट्टे, पुढची बॅटरीची जागा आणि काचेची चौकट इथे गंज सापडतोच. छत नसलेल्या गाडीत दाराखालचा पट्टा हाच कणा असतो, तो सडलेला असेल तर इंजिन कितीही सुरेख वाजत असो, व्यवहार सोडून द्यावा. एससीच्या इंजिनात सिलिंडरांचे माथे धरणारे बोल्ट तुटण्याची खोड आहे. हीटर सुरू करून नाक लावून बसावे, कारण तो सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या नळ्यांभोवतीची हवा आत आणतो, आणि आवरण गंजले असेल तर धुराचा वास येतो.

जर्मनीत ३० वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला १९९७ पासून ‘एच’ अक्षराची ऐतिहासिक पाटी मिळू शकते आणि वर्षाचा कर सरसकट १९१.७३ युरो बसतो. २०१७ पासून ही पाटी हंगामी पाटीबरोबर जोडता येते, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच महिने गाडी रस्त्यावर ठेवून कर आणि विमा त्या प्रमाणात भरता येतो. जुन्या गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्या बहुधा रोजच्या वापरासाठी घरात दुसरी गाडी आहे का, हे विचारतात आणि चालवणाऱ्यांची नावे लिहून घेतात. तिथे दोन्ही नावे द्यावीत. नोंदणीच्या कागदावर मात्र धारक म्हणून एकच नाव बसते, आणि तो कागद मालकीचा पुरावा नसतो. म्हणून खरेदीच्या करारावर, चासी क्रमांकाच्या बरोबर खाली, आम्ही दोघांच्या सह्यांसाठी दोन रेघा आखून घेतल्या आहेत.