फुकटात मिळालेली बाग? तसं नाही

अमेरिकेतल्या सिएटलच्या डिस्कव्हरी पार्कबद्दल एक समज पक्का बसलाय: केंद्र सरकारने जमीन शहराला दान केली, आता महापालिका तिचं काहीही करू शकते. दोन्ही गोष्टी चूक.

मुळात १८९० च्या दशकात ही जमीन शहरवासीयांनीच जमवून लष्कराला दिली आणि तिथे फोर्ट लॉटन हा लष्करी तळ उभा राहिला. १९६० च्या दशकात लष्कराला तो नकोसा झाला, तेव्हा नियम असा की बागेसाठी हवी असेल तर शहराने बाजारभावाच्या निम्मी रक्कम मोजायची. म्हणजे आपणच दिलेली जमीन विकत घ्यायची! १९७० च्या कायद्याने हा दर शून्यापर्यंत आणण्याची मुभा दिली. म्हणजे दान नव्हे, शहराने दिलेली जमीनच शहराला परत.

पण जमीन हस्तांतराच्या दस्तात अट आहे: वापर कायम बाग आणि करमणुकीसाठीच. अट मोडली तर जमीन परत घेण्याचा हक्क केंद्राचा. मॉल वगैरे विसरा.

१९७० मध्येच बर्नी व्हाइटबेअर यांच्या नेतृत्वाखाली मूलनिवासी कार्यकर्ते या जमिनीवर हक्क सांगत कुंपणावरून आत शिरले होते. वाटाघाटींनंतर त्यांना तिथे जागा भाडेपट्ट्याने मिळाली. त्यांचं डेब्रेक स्टार सांस्कृतिक केंद्र १९७७ पासून तिथेच आहे.